बावीस मिलिमीटर

कार्ले,
६ जानेवारी २०२५

चि. यशोधरा हिस,
सप्रेम जयभीम.

रतनमामाचं पत्र बघून म्हणशील, म्हातारा अजून पोस्टावरच अडकलाय. पण फोन करून उपयोग काय? तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये फिटर म्हणून काढली आणि येताना कान तिथेच ठेवून आलो. मोबाईलवर लिहायला बसलो तर एका अक्षराच्या जागी तीन उमटतात. तेव्हा पोस्टमन आहे तोवर तुला हे अक्षर सोसावं लागणार.

बातमी चांगली नाही. अठ्ठावीस डिसेंबरला तुझ्या मामीचा उजवा हात कारखान्यात चिक्कीच्या मशीनमध्ये गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची वरची पेरं गेली. मधलं बोट शिवलंय, पण त्याला काही कळत नाही. डॉक्टर सुई टोचून विचारतात, लागतंय का? मामी खिडकीबाहेर बघत नाही म्हणून मान हलवते.

मशीन नवीनच आहे, दिवाळीच्या आधी आलं. गूळ-शेंगदाण्याचा गरम थर पट्ट्यावरून पुढे जातो आणि गोल पात्यांचा रोलर त्याच्या वड्या पाडतो. रोलरच्या तोंडाशी एक आडवा पत्रा असतो, गार्ड. खालून थर जावा पण माणसाचं बोट जाऊ नये, एवढंच त्याचं काम. हल्ली पातळ चिक्कीची फॅशन आहे, आठ मिलिमीटरची. पातळ थर मध्येच अडतो, मग बायका तळव्याने पुढे सारतात. नाताळची गर्दी, दुकानदारांची घाई. मामीने थर सारला आणि बोटं पत्र्याखालून आत गेली.

मालक म्हणतो, बाईंचं लक्ष नव्हतं. तो मालकच, दुसरं काय म्हणणार? पण मामीही तेच म्हणते. "माजंच ध्यान न्हवतं. मशीनला काय डोळं हायेत व्हय?" बघायला येईल त्याला हेच सांगते, माफी मागितल्यासारखं. कान गेले तरी मला ओठ वाचता येतात. हे ओठ वाचवत नाहीत.

तू कॉम्प्युटरवर मशीनची डिझाइन करतेस. मला एवढंच सांग, अशा गार्डखाली फट किती असायला हवी? मशीनवर पाटी नाही, नुसता नंबर आहे, सीसी-०४. बसवायला सीताराम आला होता. माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता परंदवडीच्या एका शेडमध्ये फिटर आहे.

एखाद्या रविवारी ये. मामी विचारत असते.

तुझा
रतनमामा


तळेगाव,
१३ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सविनय जयभीम.

पत्र गुरुवारी सकाळी मिळालं. दोनदा वाचलं. मग डबा भरला, वाळलेले कपडे घडी केले आणि ऑफिसला गेले. रडू आलं नाही. यायला हवं होतं, असं सारखं वाटतंय.

तुम्ही फट विचारलीत. आठ मिलिमीटरच्या थराला बारा पुरते. बाराखाली बोट जात नाही.

मागे तुम्ही मला विचारलं होतंत की इतके सुटे भाग वेगवेगळे काढता, तर ते एकमेकांत चुकत कसे नाहीत. तेव्हा मी हसून टाळलं होतं. आम्ही आधी एक सांगाडा काढतो. त्यात मशीन नसतं, नुसत्या रेघा आणि आकडे असतात. रोलर कुठे, टेबल किती उंच, फट किती. मग प्रत्येक भाग आपल्या रेघा त्या सांगाड्यातून उचलतो. बाजूच्या प्लेटी, पट्टा, गार्ड, सगळे त्याला जोडलेले असतात. सांगाड्यात एक आकडा बदलला की सगळे भाग आपोआप बदलतात. कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

हे आज का लिहिलं ते मला माहीत नाही.

या रविवारी यायला जमणार नाही. काम आहे. मामींना हाताला पाणी लागू देऊ नका म्हणावं.

तुमची
यशोधरा


कार्ले,
२२ जानेवारी २०२५

चि. यशे,
सप्रेम जयभीम.

तुझा सांगाडा वाचून मजा वाटली. आमच्या शेडमध्ये त्या जागी एक सागवानी फळी होती. तिच्यावर मापं कोरलेली, जो तो आपली पट्टी तिला लावून घ्यायचा. एकदा कुणीतरी तिच्यावर किटलीभर चहा ओतला, फळी फुगली, आणि महिनाभर सगळ्यांची मापं चुकली. पण सगळ्यांची सारखीच चुकली, त्यामुळे माल जुळत राहिला! साहेबाला पत्ताही नाही.

आता कामाचं. सोमवारी मामीचा डबा आणि चपला आणायला कारखान्यात गेलो होतो. जेवणाची सुट्टी, मशीन बंद. मापाचं कॅलिपर काढलं असतं तर मालकाने मला तिथूनच वाटेला लावलं असतं. म्हणून एसटीचं तिकीट उभं दुमडून गार्डखाली धरलं आणि पत्र्याच्या काठाशी नख टेकवून खूण केली. ते तिकीट सोबत पाठवतोय. तूच मोज. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, मला पाच आणि सहा जुळे भाऊ दिसतात.

मालकानेही शेडकडे ड्रॉइंग मागितलंय म्हणे. येऊ दे. एकदा कळलं की चूक मशीनची, म्हणजे मामीच्या डोक्यातलं हे खूळ जाईल. काल ती डाव्या हाताने भाकरी थापत होती. भाकरी फाटली तर भाकरीलाही म्हणाली, "माजंच चुकलं." मी म्हटलं, आता पिठाची तरी माफी मागू नकोस. हसली नाही. पूर्वी हसली असती.

लवकर कळव. आणि ये.

तुझा
रतनमामा


तळेगाव,
२९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सविनय जयभीम.

तिकीट मोजलं. स्टीलच्या पट्टीवर तीन वेळा. बावीस भरतं.

ते मशीन आमच्याच ऑफिसातून गेलेलं आहे. परंदवडीच्या शेडला ड्रॉइंग आम्हीच देतो. गार्डचं ड्रॉइंग मी पाहिलं. त्यात फट बारा आहे. कारखान्याला तेच पाठवलं आहे.

बाकी काही सुचत नाही. हल्ली जेवण होतं, झोपही लागते. सगळं नेहमीसारखं चाललंय.

तुमची
यशोधरा


कार्ले,
९ फेब्रुवारी २०२५

चि. यशोधरा,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राने उलगडा झाला. कागदावर बारा आणि मशीनवर बावीस, म्हणजे मधले दहा मिलिमीटर कुणीतरी खाल्ले. आणि ते कसे खाल्ले, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बसवताना काही अडलं की फिटर ग्राइंडर मारतो. पत्र्याचा काठ घासून टाकायचा, काम पुढे चालू. सीतारामला हे शिकवणारा मीच. "अडलं तर घास, विचारत बसू नको," असं मीच त्याच्या कानात ओतलंय.

तुझं पत्र खिशात घालून मळवलीहून लोकलने बेगडेवाडीला उतरलो, तिथून रिक्षाने शेडवर गेलो. चार माणसांत त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, म्या गार्डला कानस बी लावली न्हाई. पत्रा जसा आला तसा बोल्ट मारून बसवला." मी त्याला तुझं पत्र दाखवलं. वाचून त्याने ते परत दिलं. मग पुन्हा तेच म्हणाला. मला संताप आला यशे. चूक केलीस तर केलीस, कबूल तरी कर! माझा हात उठला. पासष्टाव्या वर्षी, बायको-पोरं असलेल्या माणसावर.

शेडच्या मालकाने ड्रॉइंग आणि तुझं पत्र दोन्ही बघितलं आणि त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

वाटलं होतं, आता तरी मामीच्या जिवाला बरं वाटेल. तिला सगळं सांगितलं, तर तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "शिताराम मशीन बसवत व्हता तवा मीच त्याला म्हनलं व्हतं, थर लय अडतोय बाबा, कायतरी कर. माज्याच सांगन्यावरनं घासला आसंल त्यानं. मी माजी बोटं घालवली आन त्याची नोकरी बी." तेव्हापासून ती फारसं बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते.

तू खरं ते शोधून दिलंस, तुझे उपकार आहेत. पण खऱ्याने कुणाला सुख झालं नाही बघ.

तुझा
रतनमामा


तळेगाव,
४ मार्च २०२५

मामा,
जयभीम.

सीतारामभाऊंनी गार्ड घासलेला नाही. तो पत्रा दहा मिलिमीटर आखूड मीच काढला होता. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण खाली लिहू म्हटलं तर मी पुन्हा लिहिणार नाही.

ऑगस्टमधला शनिवार होता. तेव्हा थर अठरा मिलिमीटरचा ठरला होता आणि फट बावीस. आमचे सुहास सर त्यांच्या कॉम्प्युटरवर सांगाडा उघडून त्यात काहीतरी बदलत होते. ते एक रेघ हलवत आणि इकडे माझी गार्डची फाइल लाल होई, कारण तिने उचललेली रेघ जागेवर नसे. मी नीट करायची, ती पुन्हा लाल. संध्याकाळपर्यंत गार्ड संपवायचा होता. मी कंटाळले आणि गार्डचा सांगाड्याशी असलेला दुवा तोडून टाकला. जोडलेल्या भागाच्या नावापुढे एक बाण असतो. दुवा तोडला की त्या बाणावर बारीक फुली येते, बाकी काहीच होत नाही. सोमवारी परत जोडू म्हटलं. सोमवारी दुसरं काम आलं.

सप्टेंबरात गिऱ्हाइकाने पातळ चिक्की मागितली. सरांनी सांगाड्यात बावीसचे बारा केले. सगळे भाग बदलले, माझा गार्ड तेवढा होता तिथेच राहिला. दुवा तुटलेला भाग तक्रार करत नाही मामा. लाल होणारा भाग बरा, तो ओरडतो तरी. मी पडद्यावर अख्खं मशीन फिरवून पाहिलं, कुठेही लाल नव्हतं. म्हणून सगळं ठीक आहे असं धरून पत्रे थेट कटिंगवाल्याकडे कापायला पाठवले, शेडला नुसते कापलेले पत्रे गेले. गार्ड वरून बोल्टने लटकतो, त्यामुळे तो आखूड असला तरी बरोबर बसतो. सीतारामभाऊंना कळायचं काही कारणच नव्हतं.

इथवर चूक होती. पुढचं चुकून झालेलं नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या सकाळी मी तासभर आधी ऑफिसला गेले. सीसी-०४ उघडलं आणि ती फुली दिसली. मी गार्ड पुन्हा सांगाड्याला जोडला. पडद्यावर तो पत्रा दहा मिलिमीटर खाली वाढला. नवीन ड्रॉइंग काढलं आणि त्यावर जुनी, सप्टेंबरची तारीख टाकली. मग चहा आला, तो प्यायले. कारखान्याला गेलं ते हे ड्रॉइंग. "त्यात फट बारा आहे" असं मी तुम्हाला लिहिलं तेव्हा एक अक्षरही खोटं नव्हतं. मामींची बोटं गेल्यावर मी ते खरं करून ठेवलं होतं.

तुमचं सीतारामभाऊंबद्दलचं पत्र आलं तेव्हा मी सुहास सरांना सांगितलं. ते म्हणाले, "यशोधरा, फिटर लोक घासतातच. विषय संपलाय, उकरू नकोस." मी बरं म्हटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जात होती आणि चोर रोज नऊ वाजता कार्ड पंच करत होता. दोन आठवडे. मला फार वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच वाटत नव्हतं. भात शिजला की गॅस बंद करायचा, तसं डोकं बंद करून ठेवलं होतं.

असली एकूण चार मशीन गेली आहेत. मामींचं धरून चार. बाकीची लोणावळा, खंडाळा आणि तळेगावात. ते आठवून मात्र मला राहवलं नाही. बुधवारी मी तिघांना फोन केले. दोघांनी लगेच मशीन बंद ठेवलं. खंडाळ्याच्या मालकांनी शनिवार-रविवारची गर्दी होऊ दे म्हणून सांगितलं. म्हणून शुक्रवारी मी पत्र्याची पट्टी आणि ड्रिल घेऊन स्वतः गेले आणि गार्डला खालून पट्टी जोडली. मशीनवर एक बाई काम करत होती. ती म्हणाली, "ताई, एवडुशी तर पट्टी, आदी का न्हाई लावली?" मी स्क्रू आवळत राहिले.

ऑफिसात जुन्या फाइलींच्या प्रती आपोआप साठत असतात. त्यातून फुली असलेला गार्ड आणि खरं जुनं ड्रॉइंग काढून घेतलं. जे झालं ते लिहून, सही करून, एक प्रत शेडच्या मालकांना, एक मामींच्या कारखान्याला आणि एक फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयात काल देऊन आले. चौथी सोबत आहे. ती सीतारामभाऊंना द्या. सरांनी आजपासून येऊ नको म्हणून सांगितलंय.

जानेवारीतल्या पत्रात मी "मामींना सांगा, चूक त्यांची नाही" असं लिहिलं होतं आणि मग तो कागद फाडून नवीन लिहिला. ते वाक्य ठेवलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, तुला कसं ठाऊक?

हे पत्र मामींना पूर्ण वाचून दाखवा. माफी कोणत्या शब्दांत मागतात ते मला येत नाही. मागते आहे.

यशोधरा


कार्ले,
१२ मार्च २०२५

यशोधरा,
जयभीम.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी परंदवडीला सीतारामच्या घरी जाऊन त्याला तुझा कागद दिला. त्याने उभ्यानेच वाचला, मग दारात बसून परत वाचला. मी हात जोडले. तो म्हणाला, "भाऊ, ऱ्हाऊ द्या. पोरीनं कागुद लिव्हला, तिला म्हाईत व्हतं. पर तुमी तर फिटर. नुसता काठ बघितला आसता तरी कळलं आसतं तुमास्नी."

खरं आहे त्याचं. ग्राइंडर मारलेला काठ खरखरीत लागतो आणि मशीनने कापलेला गुळगुळीत. खूण करताना मी त्याच काठावर नख टेकवलं होतं. डोळे गेले असतील, नख तर शाबूत आहे. पण मला उत्तर आधीच ठाऊक होतं, मग बोटाला कोण विचारतो? तेव्हा तुझ्या कॉम्प्युटरला मी शहाणपणा शिकवणार नाही. शेडवाले त्याला परत बोलावतायत. तो जाईल की नाही, सांगत नाही. चहाचं विचारलं नाही त्याने. तो दरवेळी विचारतो.

मामीला मी सोमवारी वाचून दाखवलं. तू सांगितलं होतंस तसं, पूर्ण. तिने मध्ये कुठेही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, पहिली ओळ परत वाचा. वाचली. तिने विचारलं, "म्हंजी माजं काम बराबर चाललं व्हतं?"

मी म्हटलं, बरोबर चाललं होतं.

"आन शितारामला मी सांगितलं म्हनून न्हाई झालं?"

म्हटलं, नाही.

बराच वेळ ती हाताकडे बघत बसली. पट्टी सुटल्यापासून तिने त्या हाताकडे नीट पाहिलंच नव्हतं, पदराखाली ठेवायची. मग ती रडायला लागली. हात गेला त्या दिवशी रडली नव्हती, दवाखान्यात नाही, टाके काढताना नाही. मला ऐकू येत नाही, पण शेजारच्या दोन घरांतून बायका धावत आल्या, त्यावरून किती मोठ्याने रडली ते कळलं. मी कुणाला तिला गप्प करू दिलं नाही.

काल तिला विचारलं, यशोधराला काय लिहू? म्हणालो, नोकरी गेली तिची, खंडाळ्याला स्वतः जाऊन पट्टी लावून आली, आता बोलवू का तिला? तर तिने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे तोंड करून, मला ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली, "येऊ नको म्हनावं. दोन महिनं मी सोताला शिव्या घातल्या, कदी दमले न्हाई. आता जरा तिला घालते. मला पुरं होऊ दे."

म्हणून येऊ नकोस. तिचं पुरं कधी होईल, मला सांगता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवलंय. पेटीत टाका म्हणाली.

रतनमामा